क्लब कोणाचा?

महाराष्ट्रांत धंदेवाईक फुटबॉल क्लब टिकत नाहीं, असें म्हणण्याची आपल्या सुशिक्षित वर्गांत एक रीतच पडून गेली आहे. हें म्हणणारे लोक त्याचें कारणहि तयार ठेवतात. मराठी माणसाचें प्रेम क्रिकेटवर, त्याच्या खालोखाल कुस्तीवर आणि कबड्डीवर. फुटबॉल हा बंगाल्यांचा, गोवेकरांचा, केरळीयांचा खेळ. तेव्हां तो येथें रुजला नाहीं यांत नवल तें काय? हें निदान आम्हांस मुळींच मान्य नाहीं. रोगी दगावल्यावर त्याचें खापर त्याच्याच प्रकृतीवर फोडून वैद्यानें हात झटकावे, त्यांतलाच हा प्रकार आहे. महाराष्ट्रांतले क्लब प्रेक्षकांच्या अभावीं मेले नाहींत. ज्यांच्या मालकीचे ते होते त्यांनीं ते बंद केले. आणि बंद करतांना त्यांना कोणाची परवानगी घ्यावी लागली नाहीं, कारण मत देण्याचा अधिकार असलेला सभासद नांवाचा प्राणी त्या क्लबांत कधीं नव्हताच.

मुंबईचा पूर्वेतिहास येथें थोडक्यांत सांगितला पाहिजे. रोव्हर्स कपाचे सामने तेथें १८९१ सालीं सुरू झाले. आरंभीं कितीतरी वर्षें तो गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो कप पहिल्यानें हिंदी हातांत आणला. पुढें कूपरेजच्या मैदानावर जीं नांवें गाजलीं, त्यांची यादी वाचली तर ती क्लबांची यादी न वाटतां शेअरबाजाराच्या भावांचें पान वाटतें : टाटा, बर्मा-शेल, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, महिंद्र. जोडीला रेल्वे आणि एअर इंडिया होत्याच. या पद्धतीची सरसकट निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. खेळाडूस महिन्याकाठीं पगार, सरावासाठीं कामांतून सवलत आणि पाय थकल्यावरहि हातांत नोकरी, हा लाभ लहान नव्हता. गरीब घरांतल्या कित्येक मुलांचे संसार त्यावर उभे राहिले. परंतु नोकरी देणारा मालक असतो, आणि मालक नोकरीवर ठेवतो तसा काढूनहि टाकतो, ही गोष्ट त्या भरभराटीच्या दिवसांत कोणीं लक्षांत घेतली नाहीं. गिरण्या मंदावल्या, कंपन्यांचे हिशेबनीस खर्चाच्या रकान्यावर बोट ठेवूं लागले, आणि एकेक नांव मैदानावरून पुसलें गेलें. रोव्हर्स कपहि या शतकाच्या आरंभींच बंद पडला.

या सर्वांत महिंद्रांचें उदाहरण विशेष विचार करण्याजोगें आहे. त्या कंपनीचा संघ १९६२ सालचा. २००० सालीं त्यानें ‘महिंद्र युनायटेड’ हें नांव धारण केलें, २००३ व २००५ सालीं फेडरेशन कप जिंकला, आणि २००५-०६ च्या मोसमांत राष्ट्रीय फुटबॉल लीगचें अजिंक्यपद मिळविलें. ती लीग अकरा मोसम चालली. तीत हा मान मिळविणारा महाराष्ट्रांतला हा एकटाच संघ. म्हणजे संघ दुबळा होता, हरत होता, त्याला लाज वाटण्याजोगी स्थिति आली होती, असें कांहीं नव्हतें. २०१० सालीं कंपनीनें जाहीर केलें कीं मोसम संपतांच संघ विसर्जित होईल आणि यापुढें तिचें लक्ष शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळेल. शाळकरी मुलांस उत्तेजन देणें केव्हांहि चांगलेंच. पण तीं मुलें मोठीं झाल्यावर मुंबईंत खेळणार कोणत्या संघाकडून, हा प्रश्न त्या घोषणेच्या वेळीं कोणीं विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. अठ्ठेचाळीस वर्षांचा क्लब एका घोषणेनें नाहींसा झाला. त्यासाठीं सभा भरली नाहीं, मतदान झालें नाहीं. भरवावयाची तरी कोणाची?

पुण्याची कथा तर याहून चमत्कारिक आहे. पुणें फुटबॉल क्लब २००७ सालीं एका उद्योगसमूहानें काढला, २०१२-१३ च्या मोसमांत तो आय-लीगमध्यें दुसऱ्या क्रमांकावर आला, आणि २०१५ सालीं बंद झाला. त्याच २०१५ सालीं दुसऱ्या एका उद्योगसमूहाचा भारत एफ. सी. हा क्लब आय-लीगमध्यें उतरला; तो एकच मोसम खेळला. शिवाजीयन्स हा तेथला स्थानिक क्लब. त्याच्या नांवाआधीं एका बांधकाम व्यावसायिकाचीं आद्याक्षरें लागलीं, त्यानें आय-लीगचे दोन मोसम काढले आणि तोहि बाहेर पडला. २०१४ सालीं इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हां तीत एफ. सी. पुणें सिटी अवतरला. पांच मोसमांनंतर २०१९ सालीं त्याचा हक्क हैदराबादेस गेला. एका शहरानें बारा वर्षांत चार क्लब येतांना आणि जातांना पाहिले! पुणेकरांस फुटबॉलचें प्रेम नाहीं म्हणून हें झालें, असें म्हणावयाचें असेल तर आधीं एवढें सांगावें कीं ज्या मुलानें वयाच्या दहाव्या वर्षीं पहिल्या क्लबाचा सदरा अंगांत घातला, त्यानें बाविसाव्या वर्षापर्यंत किती वेळां निष्ठा बदलावयाची होती? प्रेम जडण्यास अवधि लागतो. भाड्याचें बिऱ्हाड दर तीन वर्षांनीं बदलणाऱ्यास शेजारी ओळखत नाहींत, यांत शेजाऱ्यांचा काय दोष?

गोव्याचें उदाहरण थोडें निराळें आहे, पण तेंहि याच सूत्रांत बसतें. खाणमालकांच्या घराण्यांनीं चालविलेले साळगांवकर व धेंपे हे क्लब म्हणजे गोव्याच्या फुटबॉलचें वैभव. धेंपे संघ राष्ट्रीय स्पर्धेचें अजिंक्यपद पांच वेळां घरीं घेऊन आला. अशा क्लबांनीं, आणि त्यांच्याबरोबर स्पोर्टिंग क्लब द गोवा यानें, २०१६ सालीं आय-लीगमधून माघार घेतली. सुपर लीगला सर्वोच्च स्थान देण्याचा घाट घातला गेला होता आणि तीत शिरण्याचा मार्ग खेळाच्या बळावर खुला नव्हता. तेव्हां त्यांचा राग रास्त होता असें आम्ही म्हणूं. परंतु रागवावें कीं टिकून राहावें, हा निर्णयहि मूठभर मंडळींनींच घेतला. मडगांवच्या फातोर्डा मैदानावर वर्षानुवर्षें उन्हांत बसलेल्या माणसास त्यांत शब्द नव्हता.

याच्या उलट प्रकार पाहावयाचा तर बराच लांबचा प्रवास करावा लागेल. तो करण्यास वाचकांनीं कंटाळूं नये. युरोपांतलें उदाहरण दिलें कीं आमचे आक्षेपक तेथल्या पैशाकडे बोट दाखवितात. म्हणून आम्ही दक्षिण अमेरिकेंतील पेरू हा देश घेतों. तो कांहीं श्रीमंत देश नव्हे. त्याच्या लिमा या राजधानींत १९०१ सालच्या फेब्रुवारींत कांहीं कष्टकरी वस्तींतल्या पोरांनीं ‘स्पोर्ट आलियान्सा’ नांवाचा क्लब काढला. तोच आजचा आलियान्सा लिमा. मजूर आणि विशेषतः काळ्या वर्णाचे लोक यांचा हा क्लब. पुढें १९२४ सालीं सान मार्कोस या जुन्या विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनीं पुढाकार घेऊन दुसरा क्लब स्थापिला, तो उनिव्हेर्सितारिओ. एक श्रमिकांचा, दुसरा पदवीधरांचा. तेव्हां वैर जमण्यास वेळ लागला नाहीं. १९२८ सालीं या दोघांचा पहिला सामना झाला तो हातघाईवर आला आणि प्रेक्षकांच्या हातांतल्या छड्या चालल्या. म्हणून तो सामना तेथें आजहि ‘काठ्यांचा सामना’ या नांवानें ओळखला जातो. लिमा शहरांत ऑक्टोबर महिन्यांत ‘चमत्कारांच्या प्रभू’ची मोठी मिरवणूक निघते, त्या महिन्यांत आलियान्साचे खेळाडू आपला निळा-पांढरा सदरा बाजूस ठेवून जांभळा घालतात. आषाढांत वारकऱ्यांच्या गळ्यांतली माळ पाहिलेल्या वाचकांस याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. क्लब हा वस्तीच्या देवधर्मांत, भांडणांत, सणासुदींत मिसळून गेला होता.

आणि मग ८ डिसेंबर १९८७ चा दिवस उजाडला. अंतर्भागांतील पुकाल्पा या गांवीं सामना खेळून संघ आरमाराच्या विमानानें लिमास परत येत होता. विमान समुद्रांत कोसळलें. आंतील ४४ जणांपैकीं ४३ जण गेले. वाचला तो एकटा वैमानिक. त्या मोसमांत संघ गुणतक्त्यांत अग्रभागीं होता. तरुण खेळाडू गेले. ज्याच्या मार्गदर्शनाखालीं पेरू देश १९७५ सालीं दक्षिण अमेरिकेचा अजिंक्यवीर ठरला होता तो मार्कोस काल्देरोन हा प्रशिक्षकहि गेला. ज्या क्लबाचा संपूर्ण संघ एका रात्रींत समुद्राच्या तळाशीं गेला, त्यानें बंद होण्यास याहून सबळ कारण दुसरें कोणतें हवें होतें? पण त्यानें उरलेला मोसम खेळून काढला. पोरसवदा खेळाडू पुढें आले. चिलीच्या कोलो-कोलो क्लबानें आपले चार खेळाडू उसने दिले. आणि पेरूचा सर्वांत नांवाजलेला खेळाडू तेओफिलो कुबियास, ज्यानें खेळ सोडून दिला होता, तो अडतिसाव्या वर्षीं पुन्हां मैदानांत उतरला. त्या वर्षींचें अजिंक्यपद गेलें. तें नेलें उनिव्हेर्सितारिओनें. १९७८ नंतर आलियान्सास अजिंक्यपद मिळालें तें एकदम १९९७ सालीं. म्हणजे मधलीं अठरा वर्षें, त्यांतलीं शेवटचीं दहा त्या अपघाताच्या सावलींत, लोक मैदानावर येत राहिले.

मुंबईच्या क्लबाचें विमान पडलें नव्हतें. त्याचे सर्व खेळाडू जिवंत होते, चषक कपाटांत होते, आणि मालकाची तिजोरी रिकामी झालेली नव्हती. तरी तो गेला आणि लिमाचा राहिला. हा फरक खेळाच्या प्रेमाचा म्हणावा, तर ज्या प्रेमास कांहीं अधिकारच नव्हता त्याची परीक्षा कशी घ्यावयाची?

येथें आक्षेपक दोन गोष्टी पुढें करतील, आणि त्या खऱ्या आहेत म्हणून त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. पहिली ही कीं सभासदांचे क्लब अनेकदां गैरकारभारानें पोखरले जातात. पेरूंतच तें झालें. कर थकले, पगार थकले, अध्यक्षांनीं मन मानेल तसा खर्च केला. अखेर २०१२ सालीं सरकारनें खास कायदा करून कर्जबाजारी क्लबांवर प्रशासक बसविले. त्यांत आलियान्सा होता आणि त्याचा हाडवैरी उनिव्हेर्सितारिओहि होता. तथापि पुढें काय झालें तें पाहा. दोन्ही क्लब उभे आहेत. आलियान्सानें २०१७, २०२१ व २०२२ सालीं अजिंक्यपद जिंकलें, उनिव्हेर्सितारिओनें २०२३ व २०२४ सालीं. (२०२३ चा निर्णायक सामना आलियान्साच्या घरच्या मैदानावर झाला आणि पाहुणे जिंकतांच तेथले दिवे मालविण्यांत आले, हा शिष्टाचार आमच्या कोणत्याहि वाचकानें उचलूं नये.) कर्जबाजारी क्लबावर प्रशासक येतो, तो क्लब वांचविण्यासाठीं येतो, कारण तो बुडाला तर रस्त्यावर माणसें येतील हें सरकार जाणतें. मालकाचा क्लब बुडतो तेव्हां सरकारास खबरहि नसते.

दुसरा आक्षेप याहून चतुर आहे. लिमांतलाच तिसरा मोठा क्लब स्पोर्टिंग क्रिस्टाल हा १९५५ सालीं एका मद्यनिर्मात्या कंपनीच्या मालकांनीं उभा केला, त्याचें नांवहि तिच्या बिअरवरून पडलें, पुढच्याच वर्षीं तो अजिंक्य ठरला, आणि आजहि तो देशांतल्या बलाढ्य क्लबांत मोडतो. मग कंपनीचा क्लब टिकत नाहीं असें कसें म्हणतां? आम्ही तसें म्हणतच नाहीं. त्या कंपनीनें क्लब दशकानुदशकें पोसला, एका विशिष्ट वस्तींत रुजूं दिला, आणि पुढें तो नकोसा झाला तेव्हां बंद न करतां दुसऱ्याच्या हवालीं केला. विकतां येण्याजोगी कांहीं वस्तु तोंवर तयार झाली होती. पुण्यांत जें विकलें गेलें तो केवळ लीगमध्यें खेळण्याचा हक्क होता. क्लब असा तयारच झाला नव्हता.

परंतु महाराष्ट्रांत असा क्लब कधीं तयारच झाला नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. कोल्हापुरास जाऊन पाहावें. शाहू महाराजांच्या वेळेपासून ज्या तालमींनीं मल्ल घडविले, ज्यांच्यासाठीं १९१२ सालीं खासबागेचें मैदान बांधलें गेलें, त्या तालमींच्याच नांवानें तेथें फुटबॉल खेळला जातो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : हीं नांवें कोणत्याहि मालाचीं नव्हत. तीं पेठांचीं, देवळांचीं, गल्ल्यांचीं नांवें आहेत. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा सामना असला म्हणजे हजारोंनीं लोक लोटतात, दुकानदार आपल्या संघाचा पराभव झाला कीं गिऱ्हाईकाशीं धड बोलत नाहीं, आणि विश्वचषकाच्या दिवसांत अर्जेंटिना व ब्राझील यांचीं निशाणें गल्लोगल्लीं लागतात. तेथें मारामाऱ्याहि होतात, सामने बंद पाडले जातात, पोलिसांस धांवावें लागतें. त्याचें समर्थन आम्ही करीत नाहीं, मात्र लिमाच्या १९२८ सालच्या छड्यांची आठवण त्यावेळीं आम्हांस होते. हा फुटबॉल धंदेवाईक नव्हे, असें म्हणतां येईल. पण बाहेरचे, अगदीं परदेशचेहि खेळाडू मानधन देऊन आणण्याइतका पैसा त्या पेठांनीं उभा केलेला आहे. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा याच जिल्ह्याचा. ज्या महाराष्ट्रांत म्हणे फुटबॉल रुजत नाहीं, त्याच महाराष्ट्रांतलें हें शहर आहे. तेथें कोणत्याहि कंपनीस क्लब बंद करतां येणार नाहीं. कारण तो तिनें उघडलेला नाहीं.

पैसा कोठून येणार, हा शेवटचा प्रश्न. तो ऐकला म्हणजे आम्हांस हंसूं येतें. आम्ही राहतों त्या मूल गांवाच्या आसपास, या झाडीपट्टींत, धानाची मळणी आटोपली कीं नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक-मंडळ्या गांवोगांव बोलावल्या जातात. बोलावतें कोण? गांवांतलें तरुणांचें एखादें मंडळ. तेंच वर्गणी जमवितें, मंडप घालतें, तिकिटें विकतें, नफा झाला तर गांवाच्या कामीं लावतें आणि तोटा झाला तर आपसांत वांटून घेतें. शहरांतली नाट्यगृहें ओस पडल्याची हाकाटी चालू असतां चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतला शेतकरी रात्रभर जागून तिकीट काढून नाटक पाहतो. त्याला कोणीं पुरस्कर्ता भेटलेला नाहीं, आणि तो त्याच्या शोधांतहि नाहीं. आमच्या वऱ्हाडांत अमरावतीस वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं आखाडा घातला, त्याचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, १९३६ सालीं त्याचा चमू बर्लिनला जाऊन खेळ दाखवून आला. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी तें मंडळ चालू आहे. गणेशोत्सवांत दहा दिवसांच्या मांडवासाठीं घरोघर फिरून वर्गणी गोळा करणारा हा समाज, बाराहि महिने चालणाऱ्या क्लबासाठीं मात्र धनिकाच्या दारांत उभा राहतो!

सुशिक्षित कुटुंबांची यांतली भूमिका तर अधिकच विनोदी आहे. वडील रात्रीं जागून दूरचित्रवाणीवर युरोपांतले सामने पाहतात. मुलाच्या अंगांत बार्सेलोनाचा सदरा असतो. मूलच्या बाजारांतहि तो टांगलेला दिसतो. पण ज्या क्लबाचा तो सदरा, तो लाखाहून अधिक सभासदांच्या मालकीचा आहे आणि त्याचा अध्यक्ष त्यांच्या मतांनीं निवडला जातो, ही गोष्ट त्या घरांत कोणास ठाऊक नसते. जर्मनींत तर १९९८ पासून क्लबाच्या कंपनींतहि निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्या हातीं ठेवण्याचा नियम आहे. सदरा तेवढा आम्हीं घेतला, घटना तेथेंच ठेवली. खुद्द आपल्या देशांत १८८९ सालीं स्थापन झालेल्या मोहन बागानचें नांव २०२० सालीं एका विकत घेतलेल्या संघाच्या नांवास जोडण्यांत आलें, तेव्हां कलकत्त्याच्या लोकांनीं तीन वर्षें तें जोडनांव काढून टाकण्याची मागणी लावून धरली आणि २०२३ सालीं तें मालकास काढावें लागलें. पुण्याच्या क्लबाचें नांव, रंग, गांव सर्वच गेलें. एक ठरावहि झाला नाहीं.

साधा हिशेब करूं. एखाद्या शहरांत पांच हजार माणसांनीं वर्षास दोन हजार रुपये वर्गणी भरली तर एक कोटि रुपये होतात. त्या पैशांत सुपर लीगचा संघ उभा राहणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण राज्याच्या लीगमध्यें खेळणारा, मुलांसाठीं मैदान राखणारा संघ त्यांतून उभा राहूं शकतो. पुढें धनिक आले तर यावेत. त्यांनीं पैसा घालावा, सदऱ्यावर आपल्या मालाची जाहिरात करावी, आमची हरकत नाहीं. मुंबईंत किंवा पुण्यांत पुन्हां एखादा नवा क्लब निघेल, त्याच्या उद्घाटनाचे फलक लागतील, तिकिटें निघतील. आमच्या वाचकांनीं तिकीट घेण्यापूर्वीं त्या क्लबाची घटना मागावी. तींत सभासद कोणास होतां येतें, त्याला मत आहे कीं नाहीं, आणि क्लबाचें नांव, रंग व मैदान यांवर मालकी कोणाची लिहिली आहे, एवढीं तीन कलमें वाचावीं. घटनाच नाहीं असें उत्तर आलें तर तिकिटाचे पैसे खिशांत ठेवून कोल्हापूरची गाडी धरावी.